राजस्त्रियांचा जिंजीचा जलप्रवास व त्याची पूर्वतयारी

छत्रपति राजाराममहाराजांच्या जिंजीच्या प्रवासाला कवि लाभला. त्यांच्या राण्यांच्या प्रवासाला लाभला नाहीं. ता. २६ सप्टेंबर १६८९ रोजीं महाराज पन्हाळ्याहून निघाले, वेषांतर करून केळदीच्या राज्यांत शिरले, राणी चेन्नम्मेचा आश्रय घेऊन पुढें सरकले व नोव्हेंबरच्या आरंभीं जिंजीस पोंचले. या प्रवासावर केशव पंडितानें 'राजारामचरितम्' हें संस्कृत काव्य रचिलें, आणि तें छापून प्रसिद्धही झालें आहे. त्यानंतर सुमारें पांच वर्षांनीं, म्हणजे इ. स. १६९४ मध्यें, ताराबाई, राजसबाई व अंबिकाबाई या राण्या विशाळगडाहून कोंकणांत उतरल्या, यशवंतगडाखालीं गलबतांत बसल्या, समुद्रमार्गानें होनावरास गेल्या व तेथून खुष्कीनें जिंजीस पोंचल्या. रामचंद्रपंत अमात्यांनीं ही कामगिरी लिंगो शंकर व विसाजी शंकर तुंगारे या बंधूंच्या हवालीं केली होती. इतिहासग्रंथांत ही सर्व हकीकत एकदोन वाक्यांत आटोपते.

प्रसंग मात्र एकदोन वाक्यांचा नव्हता. रायगड पडून येसूबाई व बाळ शाहू शत्रूच्या हातीं लागल्याला तेव्हां पांच वर्षें झालीं होतीं. राजाराममहाराज दक्षिणेंत व राणीवसा सह्याद्रींत, अशी घराण्याची फाळणी झाली होती. ताराबाई त्या वेळीं एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांचा पुत्र शिवाजी ता. ९ जून १६९६ रोजीं जिंजीस जन्मला व राजसबाईंचा पुत्र संभाजी १६९८ त जन्मला. पुढें सातारा व कोल्हापूर येथें ज्यांच्या नांवानें राज्य चाललें, ते दोन्हीं वारस या जलप्रवासाचें फळ होत. एखादें गलबत बुडतें, किंवा पोर्तुगिजांच्या अगर सिद्द्याच्या हातीं लागतें, तर अठराव्या शतकाच्या इतिहासाचें वळण निराळें झालें असतें. म्हणून हीं गलबतें कशीं सिद्ध झालीं व राजघराण्यांतील कुटुंब समुद्रावर नेण्यास काय काय करावें लागलें, हा प्रश्न कुतूहलापुरता नाहीं.

या विषयावर खुद्द त्या प्रवासाची एकही तपशीलवार याद आम्हांस उपलब्ध नाहीं. परंतु आजूबाजूचीं साधनें बरींच आहेत. पहिलें साधन आज्ञापत्र. हा प्रवास ज्यांनीं घडवून आणला त्याच रामचंद्रपंतांनीं बावीस वर्षांनंतर, इ. स. १७१६ मध्यें, त्या ग्रंथांत आरमाराचें प्रकरण लिहिलें. दुसरें साधन म्हणजे शिवकालीन राजगृहाच्या अठरा कारखान्यांची व्यवस्था. तिसरें, कोंकणच्या दर्यावर्दी लोकांची वहिवाट. गलबतांवर यंत्रें बसेपर्यंत ती मोठीशी बदललीच नाहीं. या तिहींच्या आधारें पुढील मांडणी केली असून, जेथें निव्वळ अनुमान आहे तेथें तसें म्हटलें आहे.

समुद्रमार्गच कां निवडला, याचें कारण उघड आहे. औरंगजेबाच्या फौजा त्या वर्षांत कृष्णा व भीमा यांच्या खोऱ्यांत पसरल्या होत्या. पुरुषाला जंगमाचा वेष घेऊन, घोड्यावर, प्रसंगीं पायीं, त्यांतून निसटतां येतें. महाराज तसे निसटलेच. मेणे, दासी, कारकून, पहारेकरी व सामानाचे बैल यांचा तांडा कोणत्याही वेषानें झांकत नाहीं. उलट, किनाऱ्यानें जाणाऱ्या गलबतांत कोण बसलें आहे हें दुसऱ्या गलबतास दिसत नाहीं. मालाचें गलबत व राणीवशाचें गलबत दुरून सारखेंच.

कोणत्या बंदरीं गलबतें लागलीं, याविषयीं मात्र सावधगिरी हवी. यशवंतगड नांवाचे दुर्ग कोंकणांत दोन आहेत. एक जैतापूरच्या खाडीवर नाटें येथें, दुसरा त्याच्या बराच दक्षिणेस रेडी येथें. विशाळगडाहून अणस्कुऱ्याच्या घाटानें राजापूर व तेथून खाडीनें जैतापूर, हा मार्ग जवळचा व स्वाभाविक असल्यामुळें आमचा कल नाट्याच्या यशवंतगडाकडे आहे. तेथून होनावर सुमारें दीडशें सागरी मैल पडतें. वारा बरा असेल व रात्रंदिवस चाललें तर हें अंतर दोन दिवसांचें. परंतु रात्रीं खाडींत नांगर टाकीत, परक्या बंदरांस वळसा देत जाणाऱ्यांनीं सहा-सात दिवस धरणेंच योग्य.

दक्षिणेच्या प्रवासाचा आरंभ गोदीवर नव्हे, पंचांगावर होतो. आषाढ-श्रावणांत कोंकणचा समुद्र बंद असतो. आज्ञापत्रांत पर्जन्यकाळापूर्वींच आरमार छावणीस न्यावें, अशी ताकीद आहे. गलबतें खाडीच्या आंत वर ओढून, टेकू देऊन, झांपांनीं शाकारून ठेवीत. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिला म्हणजे दर्या खुला झाला असें म्हणतात. तथापि दूरच्या सफरीस तांडेल दसऱ्यापर्यंत धीर धरी. त्यानंतर वैशाखापर्यंत वाऱ्याची एक घडी बसलेली असते. उत्तररात्रीं व पहांटे जमिनीवरून मतलई सुटते व गलबत खाडीबाहेर पडतें. दुपारीं वायव्येकडून खारा वारा येतो व तें किनाऱ्यानें दक्षिणेस लोटतो. म्हणजे दक्षिणेस जाणें सोपें आणि परत येणें कठीण. इ. स. १६६५ च्या फेब्रुवारींत शिवछत्रपति मालवणाहून ८५ लहान व ३ मोठीं जहाजें घेऊन बसरूरावर गेले; परतीच्या वाटेवर गोकर्णास त्यांनीं बहुतेक आरमार परत पाठविलें, नद्या उतरण्यापुरतीं बारा जहाजें ठेविलीं, व स्वतः खुष्कीनें आले. त्यांचीं कारणें लष्करीही असतील. पण वाऱ्याचा हिशेब ज्यास ठाऊक आहे त्यास या निर्णयाचें नवल वाटणार नाहीं.

आतां गलबतासंबंधीं. आज्ञापत्रकारांचें मत असें कीं, गुराबा फार थोर नको, फार लहान नको, मध्यम रीतीच्या असाव्या; आणि जें वाऱ्यावांचून चालूंच शकत नाहीं असें मोठें तरांडें बांधण्याचें प्रयोजन नाहीं. हें मत केवळ युद्धाच्या दृष्टीनें दिलेलें आहे असें वाचकांस वाटेल. परंतु ज्या पुरुषानें राणीवसा दर्यावर पाठविला त्याच्या लेखणींतून तें उतरलें आहे, हें ध्यानांत घेतां त्याला निराळाच अर्थ येतो. वारा पडला असतां परक्या किल्ल्यासमोर अडकून बसणें हीच खरी भीति. ऑर्म या इंग्रज ग्रंथकारानें अठराव्या शतकांत मराठी गलबतांचें वर्णन केलें आहे त्याप्रमाणें गलबत ७० टनांहून क्वचितच मोठें असे. डोलकाठ्या दोन, त्यांपैकीं मागची अगदीं हलकी. वल्हीं ४० ते ५०. आणि वारा नसतांनाही तें ताशीं चार मैल हांकतां येई. लहान गलबतांवरचा तक्ता चिरलेल्या बांबूंचा असे. असल्या हलक्या, उथळ व वल्ह्यांनीं पळणाऱ्या गलबतांचीच निवड झाली असावी, व राण्यांचें गलबत एकटें न सोडतां बरोबर दोन-तीन गलबतें दिलीं असावीं, असें आम्हांस वाटतें.

छावणींतून काढलेलें गलबत तसेंच पाण्यांत लोटीत नाहींत. चार महिने कोरड्या जागीं राहिल्यानें फळ्या आकसतात व सांधे उघडतात. सुतार प्रथम पठाणापासून, म्हणजे बुडाच्या मुख्य तुळईपासून, ठोकून पाहतो. आवाज बद आला कीं फळी बदलावयाची. मग सांध्यांत कापूस तेलांत भिजवून ठासतात व वरून राळेचें मिश्रण भरतात. पाण्याखालच्या अंगाला चुना व तेल किंवा चरबी मळून त्याचा जाड लेप देतात, तो लांकूड पोखरणाऱ्या समुद्रकीटकासाठीं. पाण्यावरच्या अंगाला मोरीच्या किंवा मुशीच्या तेलाचा हात फिरवितात. या तेलाला उग्र घाण असते. सफरीच्या आधीं तें पंधरा-वीस दिवस वाळूं दिलें नाहीं तर नव्या उतारूंस समुद्र लागण्यापूर्वींच मळमळ सुटते. त्यामुळें अशा प्रवासाचा हुकूम निदान महिनाभर आधीं बंदरीं पोंचावा लागतो. काथ्याचे दोर समुद्राच्या पाण्यांत टिकतात, गोड्या पाण्यांत कुजतात, म्हणून पावसांत भिजलेले जुने दोर बदलावे लागत. डोलकाठीस सरळ सोट लागे. लांकडाविषयीं आज्ञापत्रांतील कळकळ सर्वश्रुत आहे: सागवान परवानगीनें तोडावें, उणें पडेल तें परमुलुखांतून विकत आणावें, आंबा-फणस ही झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं, त्यांस हात लावूं नये, जीर्ण झाड झाल्यास धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावें.

गलबताच्या बुडाशीं स्थैर्यासाठीं दगड किंवा वाळू घालतात, त्यास खलाशी नीरम म्हणतात. मालाचें गलबत मालामुळेंच जड होतें. माणसें व गाठोडीं घेऊन जाणारें गलबत वरून जड व खालून हलकें राहतें, आणि खाऱ्या वाऱ्याचा झपाटा बसला कीं कलतें. यावर जुनी युक्ति अशी कीं पाणी व तांदूळ तळाशीं ठेवावे व तेच नीरम समजावें. पण पाणी रोज खर्च होतें. तेव्हां रिकाम्या भांड्यांत समुद्राचें पाणी भरून वजन राखावें लागतें, आणि मग कोणतें भांडें गोडें व कोणतें खारें ही खूण ठेवावी लागते. अशी खूण न ठेविल्यामुळें एका वाटसरूनें चुलीवर खारें पाणी चढविलें, असल्या गोष्टी बंदरांत ऐकूं येतात.

पाण्याचा हिशेब थोडा विस्तारानें करणें अवश्य आहे, कारण सर्व तयारीचें मर्म त्यांत आहे. आंकडे अर्थात् आमच्या अदमासाचे आहेत. राण्या, दासी, कारकून, पहारेकरी, तांडेल, खलाशी व वल्हेकरी मिळून एका गलबतावर शंभर माणसें धरूं. पिण्यास व रांधण्यास दर माणशीं दर दिवशीं चार लिटर पाणी पुरे असें म्हटलें तरी रोज ४०० लिटर लागतें. गोमंतकाच्या हद्दीसमोरून, म्हणजे बारदेश, तिसवाडी व सासष्टी या पोर्तुगीज प्रांतांसमोरून, जातांना पाण्यासाठीं कोठें उतरतां येणार नाहीं. वारा पडण्याची शक्यता धरून त्या टप्प्याला तीन दिवसांचा सांठा हवा. म्हणजे १,२०० लिटर पाणी, वीस लिटरचा हंडा धरल्यास साठ हंडे. उलट, माणशीं अर्धा किलो धरला तरी तीन दिवसांचे तांदूळ अवघे १५० किलो. पाण्याचें वजन धान्याच्या आठपट भरलें. तांब्याचे साठ हंडे डुलत्या गलबतांत उभे ठेवणें अशक्य. म्हणून लांकडी पिंपेंच सोईचीं. 'पिंप' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, तो असल्याच दर्यावरील गरजेमुळें घेतला असावा. आज्ञापत्रांत परक्या सावकारांच्या तरांड्यांस लांकूड, पाणी, नारळ-शहाळीं वगैरे जें लागेल तें मिळूं द्यावें असें सांगितलें आहे. पाण्यासाठीं परक्या बंदराचें तोंड पाहावें लागण्याचें दुःख जाणणाराच असें कलम घालतो.

राजगृहाच्या बाजूनें पाहतां तयारी कारखान्यांमार्फत होई. शिवकालीं राजगृहाचे अठरा कारखाने होते. त्यांपैकीं तोफखाना, पीलखाना, उष्ट्रखाना इत्यादिकांचा या प्रवासाशीं संबंध नाहीं. परंतु आबदारखाना पाण्याचा, मुदबखखाना स्वयंपाकाचा, जामदारखाना वस्त्रांचा, जवाहीरखाना रत्नांचा, फरासखाना तंबू-बिछाइतीचा व दफ्तरखाना कागदांचा, अशा सहांना तरी हात हलवावे लागले असतील. १६८९ नंतरच्या ओढाताणींत हे सर्व कारखाने पूर्वींच्या डौलानें चालू होते असें कोणी म्हणणार नाहीं. पण कामाची वांटणी व लिहिण्याची शिस्त टिकून होती. कारखान्यांतून जिन्नस बाहेर गेला कीं याद व्हावयाची, आणि ज्याच्या हवालीं झाला त्याच्याजवळही एक प्रत राहावयाची.

मुदबखखान्याची अडचण सर्वांत मोठी. गलबतावरची चूल म्हणजे मातीनें लिंपलेली व वाळूनें भरलेली लांकडी पेटी. ती वारा पडला असतां किंवा खाडींत नांगर टाकल्यावरच पेटवावयाची, कारण राळ व तेल प्यालेल्या लांकडाला ठिणगी पुरते. तेव्हां दिवसाचें खाणें कोरडें हवें. पोहे, लाह्या, गूळ, सुकें खोबरें, सुंठ, आमसुलें, लिंबाचें लोणचें, तुपांत तळलेलीं पक्वान्नें, हे जिन्नस देश व कोंकण दोहोंकडचे प्रवासी नेत असत. ब्राह्मण कारकुनांसाठीं दुधांत भिजविलेल्या दशम्या, कारण त्यांस सोंवळ्या-ओंवळ्याची अडचण कमी. खलाशांस भात व सुकी मासळी असली म्हणजे त्यांची तक्रार नसते. सुंठ व आमसुलें हीं चवीसाठीं नव्हेत. समुद्र लागलेल्या माणसाच्या पोटांत तींच ठरतात. घाटावर वाढलेल्या, ज्यांनीं समुद्र कदाचित् प्रथमच पाहिला, अशा स्त्रियांच्या प्रवासांत या दोन जिनसांचें महत्त्व जवाहीरखान्याहून अधिक होतें असें म्हणण्यास आम्ही कचरत नाहीं.

पडद्याची व्यवस्था कशी केली असेल? येथें केवळ अनुमान चालतें. गलबताचा मागील भाग नाळेपेक्षां कमी उडतो व कमी भिजतो, सुकाणूही तेथेंच असतें. तेव्हां सुकाणवाला एका बाजूस ठेवून उरलेल्या जागेस बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा व वर जाड कापडाचें छत, हीच रचना संभवते. तांबडें किंवा जरीचें कापड घातलें तर लपविण्याचा हेतुच बुडाला; फरासखान्यानें साधें मळकें कापड दिलें असेल. जडजवाहिराविषयींही तेंच. रत्नें अंगावर नको, एका पेटींतही नको. विश्वासू माणसांत वांटून, ज्याची त्याची याद करून नेण्याची चाल होती, व ती समुद्रावर दुप्पट शहाणपणाची.

मागें राहणाऱ्या घराचीही तयारी असते, तिकडे प्रवासवर्णनकार सहसा पाहत नाहींत. विशाळगडावरील राणीवसा मोडला म्हणजे कोठीच्या किल्ल्या कोणाच्या, देवघरांतील नित्यपूजा कोण चालविणार, ज्या दासी बरोबर जात नाहींत त्यांचें वेतन कोठून, या सर्वांचे निर्णय निघण्यापूर्वीं व्हावे लागतात. आणि ते सर्व गुप्तपणें. कारण कोठीची मोजदाद सुरू झाली कीं गडावर बातमी फुटते, व गडावर फुटलेली बातमी शत्रूच्या छावणीस पोंचण्यास आठ दिवस पुरतात.

मुहूर्ताचा घोळ शेवटीं. दक्षिणेस गुरुवारीं दिशाशूल, म्हणून तो वार वर्ज्य. जोशी तिथि-नक्षत्र पाहून वेळ देतो आणि तांडेल भरती-ओहोटी व मतलई पाहून देतो. दोन्हीं वेळा जुळत नाहींत. आपल्या पूर्वजांनीं यावर 'प्रस्थान' ठेवण्याची तोड काढली होती: सुमुहूर्तावर एखादें वस्त्र किंवा गाठोडें घराबाहेर वाटेच्या दिशेस नेऊन ठेवावें, म्हणजे प्रवास शास्त्रतः सुरू झाला, माणसें सोईनें निघोत. जोशी व तांडेल यांच्यांतील हा तह आम्हांस नेहमीच कौतुकाचा वाटत आला आहे.

पुढील मार्गासंबंधीं थोडक्यांत. पोर्तुगीज आपला परवाना न घेतां जाणारीं जहाजें पकडीत. तो घ्यावा तर बोभाटा, न घ्यावा तर जोखीम. गोमंतकासमोरचा टप्पा किनाऱ्यापासून दूर राहून, शक्य तितका रात्रीं काटला असावा. होनावर त्या वेळीं केळदीच्या अंमलांत होतें, आणि १६९४ त चेन्नम्मा गादीवर होती. पांच वर्षांपूर्वीं पतीस दिलेला आश्रय पत्नींसही मिळेल ही खात्री हा मार्ग निवडण्यांत असलीच पाहिजे. शरावतीच्या मुखाशीं वाळूचा बांध आहे. भरती पाहूनच आंत शिरावें लागतें. आंत शिरल्यावर लहान होड्यांनीं गेरसप्प्यापर्यंत जातां येतें व तेथून घाट चढून केळदीचा मुलूख लागतो. सामान चढविण्या-उतरविण्याचा विचार करतां हाच मार्ग सोईचा. तेथून जिंजीपर्यंतची वाट लांबची होती, परंतु ती पुन्हां मेण्यांची व बैलांची, म्हणजे ओळखीची.

संग्राहकांस एक विनंति करावयाची आहे. जुनें दफ्तर हातीं आलें म्हणजे शिक्क्याचीं पत्रें, सनदा व महजर बाजूस काढून जिनसांच्या याद्यांचे बंद रद्दींत टाकण्याची चाल अद्यापि मोडलेली नाहीं. राजापूर, जैतापूर, मालवण या बाजूच्या, किंवा विशाळगड-पन्हाळ्याखालच्या एखाद्या घराण्याच्या रुमालांत ज्या यादींत राळ, काथ्या, चुना व तेल हे जिन्नस पोहे, सुंठ, तट्टे व पिंपें यांच्याशेजारीं एकाच खर्चांत मांडलेले दिसतील, ती याद व्यापाराची नव्हे. व्यापारी पोहे व सुंठ विकावयास नेईल. आडोशाचे तट्टे नेणार नाहीं. अशा यादीवर साल नसलें, नांव नसलें, कडेचा भाग कसरीनें खाल्ला असला तरीही ती वेगळी ठेवावी, तिच्या मागील बाजूवरील ओळीही उतरून घ्याव्या, व कोणत्या गांवच्या कोणत्या दफ्तरांत कोणत्या कागदांमध्यें ती मिळाली तें तेथल्या तेथें टिपून ठेवावें.